मेदेयीनचे दिवे आणि ग्वातापेचे रंग

दक्षिण अमेरिका म्हटली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें ॲमेझॉनचें अरण्य, अँडीजचीं बर्फाच्छादित शिखरें, आणि फार तर ब्युनॉस आयर्सचें बंदर एवढेंच उभें राहतें. कोलंबिया देशाचें नांव निघालें तर कॉफी आठवते. आणि वर्तमानपत्रें नेमानें वाचणार्‍यांना कॉफीच्याहि अगोदर दुसर्‍याच एका पांढर्‍या भुकटीची आठवण होते. याच देशांतील मेदेयीन हें शहर आणि तेथून पूर्वेस सुमारें ८० किलोमीटरांवर असलेलें ग्वातापे हें लहानसें गांव, हीं दोन्ही आज जगभरच्या प्रवाशांनीं गजबजलेलीं असतात. प्रवासी सकाळीं शहरांतून मोटार पकडतात, दोन तासांत गांवीं पोंचतात, रंगीत भिंतींपुढें उभे राहून छायाचित्रें काढतात आणि दिवेलागणीच्या सुमारास परत फिरतात. परततांना खोर्‍याच्या दोन्ही उतारांवर शहराचे लक्षावधि दिवे लुकलुकतांना दिसतात. त्या दिव्यांचा आणि सकाळीं पाहिलेल्या गांवाचा कांहीं संबंध आहे, हें मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असतें. तो संबंध पाण्याचा आहे, आणि त्याची हकीकत कळल्यावांचून या दोन स्थळांची ओळख पुरी होत नाहीं.

मेदेयीन आबुर्रा नांवाच्या अरुंद खोर्‍यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० मीटर उंचीवर वसलेलें आहे. विषुववृत्त तेथून फार दूर नाहीं. पण उंचीमुळें उन्हाचा ताप बाधत नाहीं, आणि बाराहि महिने हवा एकसारखी सुखद राहते. म्हणूनच त्याला चिरवसंताचें शहर म्हणतात. १५४१ सालीं होर्खे रोब्लेदो या स्पॅनिश सेनानीची एक तुकडी या खोर्‍यांत प्रथम उतरली. १६१६ मध्यें मूळच्या रहिवाशांना एका जागीं आणून त्यांची वस्ती करण्यांत आली, आणि १६७५ सालीं खोर्‍यांत रीतसर नगराची स्थापना झाली. पुढील दीडशें वर्षांत तेथें सांगण्यासारखें फारसें घडलें नाहीं. १८२६ मध्यें आंतिओकिया प्रांताची राजधानी तेथें आली, तेव्हांपासून शहराचें दैव फिरूं लागलें.

हा आंतिओकिया प्रांत सर्वस्वीं डोंगराळ. नद्यांच्या वाळूंत सोनें सांपडे, पण तें बाहेर न्यावयाचें तर खेंचरांच्या पाठीवरून. आपल्याकडील लमाणांप्रमाणें तेथें आर्रिएरो नांवाचे तांडेवाले असत. दिवसच्या दिवस चिखलांतून आणि कड्यांवरून खेंचरें हांकणें हा त्यांचा धंदा. या प्रांतांतील लोकांना पाइसा म्हणतात. हा शब्द आपल्या कानाला ‘पैसा’ यासारखा लागावा हा निव्वळ योगायोग, कारण मूळ अर्थ ‘आपल्या मुलुखांतला’ एवढाच आहे. परंतु व्यापारांत हे लोक इतके धोरणी मानले जातात कीं, योगायोगालाहि कांहीं कळतें असें म्हणावेंसें वाटतें. सोन्याच्या व्यापारांतून त्यांच्या गांठीं भांडवल जमलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरउतारांवर कॉफीची लागवड वाढूं लागली, तेव्हां तें भांडवल नव्या उद्योगांत उतरलें.

कॉफी समुद्रापर्यंत न्यावयाची तर माग्दालेना नदी गांठली पाहिजे, आणि नदी गांठावयाची तर रेल्वे पाहिजे. १८७४ सालीं फ्रान्सिस्को हाव्हिएर सिस्नेरोस या क्यूबांत जन्मलेल्या एंजिनियरानें तिचें काम अंगावर घेतलें. रोगराई, पैशाची टंचाई आणि यादवी युद्धें यांमुळें रूळ बोटाबोटानें पुढें सरकत होते. शेवटीं ला किएब्रा नांवाची खिंड आडवी आली, आणि दोन्ही बाजूंना रूळ असूनहि उतारूंना खालीं उतरून ती खिंड ओलांडावी लागे. त्या डोंगरांतून सुमारें पावणेचार किलोमीटरांचा बोगदा काढावा, अशी सूचना आलेहान्द्रो लोपेस या विद्यार्थ्यानें १८९९ मध्यें आपल्या पदवीच्या प्रबंधांत केली होती. बोगदा खुला झाला १९२९ सालीं. प्रबंध लिहून विसरणारे विद्यार्थी पुष्कळ. त्याचा डोंगर पोखरला गेलेला पाहण्याचें भाग्य एखाद्याच्याच वांट्यास येतें.

तोंपर्यंत खोर्‍यांत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. कोल्तेहेर ही गिरणी १९०७ सालची. गिरण्यांत काम करणार्‍या बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली असत. शहराच्या उत्तरेस बेयो येथील गिरणींत मुलींना पुरुषांहून कमी मजुरी मिळे, अनवाणी काम करावें लागे, आणि मुकादमांच्या वाईट वागणुकीस तोंड द्यावें लागे. १९२० च्या फेब्रुवारींत बेत्साबे एस्पिनाल नांवाच्या तरुणीच्या पुढारीपणाखालीं सुमारें चारशें मुलींनीं संप पुकारला आणि तीन आठवडे टिकवून मजुरींत वाढ, कामाच्या तासांत घट आणि पायांत घालण्याची मोकळीक पदरांत पाडून घेतली. शहराच्या भरभराटीचा इतिहास लिहितांना गिरणीमालकांचीं नांवें अगोदर येतात. पण या अनवाणी मुलींचें नांव त्यांच्या पंक्तीस बसविल्याशिवाय तो इतिहास खरा होणार नाहीं.

मेदेयीन आनंदीहि होतें. टँगो हें गायन-नृत्य मूळचें आर्जेंटिनाचें, पण त्याचा सर्वांत लाडका गायक कार्लोस गार्देल याचा अंत २४ जून १९३५ रोजीं मेदेयीनच्याच विमानतळावर दोन विमानांच्या टकरींत झाला, आणि तेव्हांपासून शहरानें टँगोला जणूं दत्तक घेतलें. १९५७ पासून तेथें फुलांचा उत्सव भरतो. जवळच्या सान्ता एलेना येथील शेतकरी लांकडी चौकटींवर फुलांचीं मोठमोठीं चक्रें रचून त्या पाठीवर घेतात आणि शहरांतून मिरवीत नेतात. याच पाठीवरच्या चौकटींतून पूर्वीं डोंगरवाटांनीं ओझीं नेलीं जात, आणि ओझ्यांबरोबर धनिक माणसेंहि. माणसांच्या जागीं फुलें आलीं, ही त्या चौकटीची सद्गतिच म्हणावयाची.

परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापासून शहर फार वेगानें फुगूं लागलें. ९ एप्रिल १९४८ रोजीं राजधानी बोगोता येथें होर्खे एलिएसेर गाइतान या लोकप्रिय पुढार्‍याचा खून झाला आणि पक्षोपपक्षांच्या वैरानें खेडींपाडीं पेटलीं. जीव वांचविण्यासाठीं आणि गिरण्यांत काम मिळेल या आशेनें लोक मेदेयीनला येऊं लागले. १९५१ च्या सुमारास साडेतीन लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९७३ पर्यंत दहा लाखांवर गेली. खोर्‍याचा तळ भरल्यावर लोकांनीं उतारांवर विटा-पत्र्यांचीं घरें बांधलीं. गिरण्यांना वीज हवी, घरांना दिवे हवे. १९५५ सालीं नगरपालिकेनें पाणी, वीज आणि दूरध्वनि यांसाठीं स्वतःची एक संस्था स्थापन केली. सार्वजनिक मालकीची ही संस्था पुढें इतकी कार्यक्षम ठरली कीं, देशोदेशींचे लोक तिचा अभ्यास करण्यास येतात. याच संस्थेची दृष्टि पूर्वेकडील नारे नदीच्या खोर्‍याकडे वळली.

नारेच्या खोर्‍यांत एल पेन्योल आणि ग्वातापे अशीं दोन शेजारगांवें होतीं. दोहोंच्या मध्यें, सपाट शेतांतून एकदम वर आलेला सुमारें २०० मीटर उंचीचा एक अखंड काळा खडक आहे. ताहामी नांवाचे मूळचे लोक त्याला देव मानीत. त्याच्या एका अंगास वरपासून खालपर्यंत एक चीर गेलेली आहे. जुलै १९५४ मध्यें लुइस व्हियेगास या गृहस्थानें दोन सोबत्यांना घेऊन त्या चिरेंत फळ्या ठोकीत ठोकीत पांच दिवसांत माथा गांठला. आज त्याच चिरेंत सुमारें सातशें पायर्‍यांचा जिना वळणें घेत वर चढतो. दुरून पाहिलें तर फाटलेलें वस्त्र कोणी भरड दोर्‍यानें शिवल्यासारखें दिसतें. माथ्यावर पोंचलेला प्रवासी आज खालीं निळें पाणी, हिरवीं बेटें आणि त्यांमधून फिरणार्‍या होड्या पाहतो आणि निसर्गाची स्तुति करितो. १९५४ सालीं व्हियेगास आणि त्याचे सोबती वर पोंचले तेव्हां त्यांना यांतील एकहि बेट दिसलें नाहीं. त्यांना दिसलीं तीं शेतें, कुरणें आणि रस्ते. आजचीं बेटें म्हणजे त्या खोर्‍यांतल्या टेकड्यांचे माथे आहेत.

धरणाचा पहिला टप्पा १९७१ मध्यें पुरा झाला. दुसर्‍या टप्प्यांत पाण्याची पातळी वाढावयाची होती, आणि त्या पातळीखालीं एल पेन्योलची सारी गांवठाण येत होती. गांवकर्‍यांनीं मुकाट्यानें मान तुकविली असें मात्र झालें नाहीं. सभा झाल्या, निषेध झाले, वाटाघाटी लांबल्या. १९६९ सालीं गांवाची नगरसभा आणि वीजसंस्था यांच्यांत एक मोठा करार झाला. त्या अन्वयें नवें गांव बांधून देण्याची जबाबदारी संस्थेवर आली. पण करार करणें आणि तो पाळला जाणें यांत किती अंतर असतें, हें गांवकर्‍यांना पुढील दहा वर्षांत कळलें. एकेक कलम पुरें करून घेण्यासाठीं त्यांना पुन्हा पुन्हा भांडावें लागलें. घराबद्दल घर मिळालें तरी शेताबद्दल शेत मिळतें असें नाहीं, आणि शेजार तर कोणत्याच करारांत बसत नाहीं. कित्येक कुटुंबें पांगलीं. कांहीं मेदेयीनलाच गेलीं, आणि ज्या शहरासाठीं त्यांचें घर बुडणार होतें त्याच शहराच्या उतारावर त्यांनीं नवा संसार मांडला.

१९७८ मध्यें पाणी जुन्या गांवांत शिरलें. जुन्या चौकाच्या जागीं आज पाण्यांतून वर आलेला एक उंच क्रूस उभा आहे. प्रवाशांच्या होड्या त्याला वळसा घालून जातात. नवें एल पेन्योल उंचावर, आंखीव रस्त्यांचें असें वसलें. तेथील देवळाचा आकार त्या काळ्या खडकासारखा केला आहे. पाहणार्‍यांपैकीं पुष्कळांना तें देऊळ बेढब वाटतें. सौंदर्यदृष्टीनें हा आक्षेप खरा असेलहि. पण ज्यांच्या ओळखीच्या वस्तूंपैकीं एक खडकच काय तो पाण्याबाहेर उरला, त्यांनीं दुसरा आकार कोठून आणावा? शिवाय जुन्या चौकाची एक लहानशी प्रतिकृति गांवकर्‍यांनीं जवळच उभारली आहे. देखावा म्हणून ती सुरेख आहे. पण जन्मगांवाची नक्कल तिकीटखिडकीजवळ उभी असलेली पाहणार्‍या म्हातार्‍या माणसांच्या मनांत काय येत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

शेजारचें ग्वातापे वांचलें. त्याची पुष्कळ जमीन पाण्याखालीं गेली, पण गांवठाण काठावर राहिली. १८११ सालीं वसलेल्या या गांवाची कीर्ति आज ज्या गोष्टीमुळें आहे, ती गोष्ट मात्र धरणाहून जुनी आहे. आपल्याकडे घराच्या भिंतीला खालीं गेरूचा किंवा डांबराचा पट्टा काढतात, तसा तेथेंहि भिंतीच्या पायथ्याशीं, जमिनीपासून कमरेच्या आंतबाहेर उंचीचा, एक जाड थर देण्याची रीत होती. पावसाचे शिंतोडे उडून माती धुपूं नये आणि कोंबड्यांनीं चोंची मारून गिलावा उकरूं नये, एवढाच त्याचा हेतु. या थराला सोकालो म्हणतात. सुमारें १९१९ मध्यें होसे मारिया पार्रा या गांवकर्‍यानें आपल्या घराच्या सोकालोवर पहिल्यानें चित्र उठविलें असें सांगतात. शेजार्‍यानें तें पाहिलें, मग त्याच्या शेजार्‍यानें, आणि हळूहळू रस्तेच्या रस्ते सजले.

ही चित्रें केवळ रंगविलेलीं नसतात. गिलावा ओला असतांना थापीनें आणि सुरीनें त्यांना उठाव देतात आणि वाळल्यावर भडक रंग भरतात. कोंकरूं, फुलें, सूर्य, पक्षी हे जुने विषय. पावाच्या दुकानाखालीं पाव, शिंप्याच्या घराखालीं यंत्र, तांडेवाल्याच्या दारीं लादलेलें खेंचर; म्हणजे ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाहि घर सांपडावें. पाणी आल्यानंतर कोळी आले, होड्या आल्या, तो काळा खडक आला. शेती गेल्यावर गांवाला पोटासाठीं प्रवाशांकडे पाहावें लागलें, आणि कोंबड्यांपासून भिंत राखणारा थर गांवाचें भांडवल झाला. आज तेथील तीन चाकी रिक्षासुद्धां रंगविलेल्या असतात. शनिवारीं-रविवारीं गर्दी इतकी होते कीं, दारांत खुर्ची टाकून बसलेल्या आजीबाईला स्वतःच्या दारासमोरून बाजूला व्हा म्हणून सांगणारेहि भेटतात. रंगाचें उत्पन्न आणि रंगाचा जाच, दोन्ही एकाच दारीं आलीं आहेत.

इकडे मेदेयीनवर जे दिवस आले त्यांची वार्ता सर्व जगास ठाऊक आहे. गिरण्यांना उतरती कळा लागली, उतारांवरच्या तरुणांना काम मिळेना, आणि कोकेनच्या चोरट्या व्यापारानें त्यांना बंदुका आणि पैसा दिला. १९९१ सालीं या एका शहरांत सहा हजारांहून अधिक खून झाले. दर लाख वस्तीमागें हा आंकडा सुमारें ३८० पडतो. या व्यापाराचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याचा एक बंगला ग्वातापेजवळच्या त्याच जलाशयाच्या काठीं होता. १९९३ मध्यें त्याच्या वैर्‍यांनीं तो स्फोटानें उडविला, आणि त्याच वर्षीं २ डिसेंबरला मेदेयीनच्या एका घराच्या छपरावर तो स्वतः मारला गेला. आज होडीवाले बुडालेल्या गांवाचा क्रूस आणि त्या बंगल्याचें खिंडार एकाच फेरींत दाखवितात. प्रवाशांची रीघ खिंडाराकडे अधिक असते, हें सांगावयास नकोच.

त्याच सुमारास जलाशयानें आपलें दुसरें रूप दाखविलें. १९९२ मध्यें पाऊस रुसला, देशांतील धरणें खालावलीं, आणि कोलंबियाभर रोज तासन्‌तास वीज बंद ठेवावी लागली. उजेड वांचविण्यासाठीं सरकारनें सार्‍या देशाचीं घड्याळें एक तास पुढें केलीं. दिव्यासाठीं गांव बुडविलें होतें. आतां दिवाहि नाहीं.

शहर पुढें सांवरलें, पण एका दिवसांत नव्हे आणि एका माणसानेंहि नव्हे. फेर्नान्दो बोतेरो हा स्थूल आकृत्यांसाठीं प्रसिद्ध असलेला शिल्पकार मेदेयीनचाच. १० जून १९९५ रोजीं शहरांतील एका उद्यानांत गर्दींत बाँब फुटून वीसाहून अधिक माणसें मेलीं. बाँब बोतेरोच्या पक्ष्याच्या पुतळ्याखालीं ठेविला होता. अधिकारी फाटका पुतळा हलविण्यास निघाले, तेव्हां बोतेरोनें तो तेथेंच ठेवावा असा आग्रह धरला, आणि २००० सालीं अगदीं तसाच नवा पक्षी करून त्याच्याशेजारीं बसविला. दोन्ही पक्षी आज शेजारीं शेजारीं उभे आहेत.

पक्षी फुटला त्याच वर्षीं, नोव्हेंबरांत, शहराची आगगाडी सुरू झाली. २००४ मध्यें तिला जोडून उतारावरच्या गरीब वस्तीपर्यंत रज्जुमार्ग नेला. मोलकरणीला आणि गवंड्याला जेथें तास दीड तास चढावें लागे, तेथें आतां पाळण्यासारख्या डब्यांत बसून कांहीं मिनिटांत जातां येतें. पश्चिमेकडील कोमुना तेरा या वस्तींत २०११ च्या अखेरीस उघड्या उतारावर सरकते जिने बसविले. खुनांचें प्रमाण अलीकडच्या वर्षांत दर लाखास वीसाच्याहि खालीं आलेलें आहे. या जिन्यांच्या दोहों बाजूंच्या भिंतींवर प्रचंड रंगीत चित्रें आहेत, आणि ग्वातापेइतकीच गर्दी येथेंहि लोटते.

येथील रंगांखालीं मात्र पाणी नाहीं, माती आहे. ऑक्टोबर २००२ मध्यें सरकारी फौजेनें सशस्त्र टोळ्यांना हुसकण्यासाठीं या वस्तीवर हेलिकॉप्टरांसह चढाई केली. त्या दिवसांत आणि त्यानंतर कित्येक माणसें घरांतून नेलीं गेलीं तीं परत आलीं नाहींत. वस्तीच्या माथ्यावर इमारतींचा राडारोडा टाकण्याची एक जागा आहे. आपलीं मुलें तेथें पुरलीं आहेत असें त्यांच्या आया वीसाहून अधिक वर्षें सांगत होत्या, आणि त्यांना भ्रमिष्ट ठरविणारे कमी नव्हते. डिसेंबर २०२४ मध्यें त्या राड्याखालीं मानवी अस्थि सांपडल्या. म्हातार्‍यांचें म्हणणें खरें होतें, अशा अर्थाचें वाक्य तरुण चित्रकारांनीं शहराच्या एका भिंतीवर रंगविलें. नगरपालिकेनें २०२५ च्या जानेवारींत तें पुसून टाकलें. लोकांनीं तें पुन्हा रंगविलें. ज्या नगरपालिकेला चित्रांनीं भरलेल्या भिंतींचा प्रवाशांपुढें अभिमान वाटतो, तिला ही एकच भिंत कोरी असावीशी वाटली.

भिंतीवर काय लिहावें आणि कोणीं लिहावें, यावरून तंटा त्या काळ्या खडकापाशींहि होऊन गेला आहे. खडक आमचा, असें ग्वातापे म्हणतें. आमचा, असें एल पेन्योल म्हणतें. एकदां ग्वातापेच्या लोकांनीं खडकाच्या अंगावर आपल्या गांवाचें नांव पांढर्‍या रंगानें, पुरुषभर उंचीच्या कितीतरी पट मोठ्या अक्षरांनीं काढावयास घेतलें. पहिलें अक्षर पुरें झालें, दुसर्‍याचा एक उभा दांडा झाला, आणि एवढ्यांत एल पेन्योलचे लोक जमा होऊन त्यांनीं काम थांबविलें. तें नांव पुढें कोणीं पुरें केलें नाहीं, आणि कोणीं पुसलेंहि नाहीं. पायर्‍यांच्या तळाशीं उभा राहिलेला प्रवासी वर पाहून या दीड अक्षराचा अर्थ विचारतो. आणि उत्तर देणारा कोणत्या गांवचा आहे त्यावर तें उत्तर अवलंबून असतें.